खारं का गोडं

३ मार्च, सोमवार

आजपासून आमची बीदरजवळची डेअरी हिरवी झाली. सकाळच्या पाळीला सगळ्यांना गेटसमोर उभं करून पर्यावरणाची शपथ दिली, ती इंग्रजीत. बसअण्णा माझ्या शेजारी होते. सांडपाण्याचा प्लँट तेच चालवतात, डेअरी सुरू झाली तेव्हापासून. त्यांना इंग्रजी येत नाही म्हणून ते नुसतं तोंड हलवत होते. मला येतं, तरी मीही नुसतंच हलवलं.

हैदराबादच्या नव्या मालकांनी तीन गोष्टी धरल्यात. प्लास्टिक कमी, वीज कमी, आणि सांडपाण्याचा थेंब ओढ्यात जाता कामा नये. कॅन्टीनच्या भिंतीवर तक्ता लावलाय. ज्या खात्याचं काम ठीक, त्याच्यापुढं हिरवी टिकली, नाहीतर लाल. बाप झालेली माणसं टिकल्यांवरून भांडायला लागलीत. प्रयोगशाळेकडं पाण्याचं काम आलं, म्हणजे माझ्याकडं. सांडपाणी शुद्ध करून ओढ्याऐवजी जवळच्या वाडीच्या शेतांना द्यायचं. रेड्डी सर म्हणाले, "प्रज्ञा, हे काम तूच करणार." मॅनेजर असले तरी सर याबाबतीत मनापासूनचे आहेत. घरून स्टीलची बाटली आणतात, रिकाम्या खोलीतला पंखा स्वतः उठून बंद करतात.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

६ मार्च, गुरुवार

कंपनी, बस, नौबादचं घर, भाकरी. वरीलप्रमाणे.

हा शब्द प्रयोगशाळेच्या रजिस्टरातून घरी आलाय. कालच्यासारखंच आलं की आकडे पुन्हा न लिहिता खाली 'व. प्र.' लिहायचं. आई विचारते, आज काय विशेष? मी म्हणते, व. प्र. ती म्हणते, तुझं लग्नसुद्धा व. प्र.च राहणार.

११ मार्च, मंगळवार

वाडीत जाऊन आले. आपल्याला दूध घालणारं गाव, घरटी एक-दोन म्हशी. विहीर तळाला गेलीय आणि बोअरचं पाणी इतकं खारं की डाळ शिजत नाही. पारावर वीस-पंचवीस माणसं जमली होती. मी क्षार, मीटर, शुद्धीकरण वगैरे सांगितलं. सगळे ऐकून घेत होते. शेवटी माधवराव म्हणून एक जाणते शेतकरी आहेत, ते म्हणाले, "ते समदं ऱ्हाऊ द्या मॅडम. पाणी खारं हाय का गोडं?"

मी म्हणाले, "गोडं आहे."

मीटरवर क्षार कमीच येतात. म्हणजे खारं नाही. मग गोडंच की.

१९ मार्च, बुधवार

बोर्ड रंगवून घेतला. सरांकडून इंग्रजी मजकूर आला होता, तीन ओळींचा. तिसरी ओळ 'पिण्यासाठी नाही' अशी. सरांनीच ती खोडली. म्हणाले, "वर कंपनी का नाम, नीचे पिऊ नका? फोटू में कैसा दिखेगा? नक्को. कुछ अच्छा लिखो."

मी लिहिलं, 'शेतकऱ्यांसाठी गोडे पाणी'. खाली कानडीत, सिही नीरु. पेंटर खूश. म्हणाला, "दोन्हीकडं सारकंच हाय अक्का, मला सोपं झालं."

सर म्हणाले, मस्त शब्द शोधलास. शोधावा कशाला लागतो? आईच्या तोंडात रोज असतो.

२२ मार्च, शनिवार

जलदिनाच्या मुहूर्तावर वाडीतल्या नळाचं उद्घाटन झालं. हे नीट लिहून ठेवायचं आहे.

नारळ फुटला, हैदराबादहून आलेल्या मोठ्या साहेबांनी चावी फिरवली, टाळ्या झाल्या. मग पाहुणे मांडवात उप्पीट खायला गेले. मी नळापाशीच थांबले होते. माधवरावांच्या आई आल्या, भागाबाई. ऐंशीच्या पुढच्या असतील. काठी टेकत आल्या आणि मला खालीवर बघत म्हणाल्या, "तूच का ती पाण्याची बाई? माहेर कुठलं?"

"कमलनगरकडचं, आज्जी. आता नौबादला असतो."

"कुणाच्यातली?"

हा प्रश्न आला की माझ्या मानेमागं अजून ताठतं. म्हणाले, "बौद्ध आहे."

 मला वाटलं, झालं, आता काठी उचलून जातील. त्यांनी काठी पाइपाला टेकून ठेवली, कमरेत वाकल्या, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि म्हणाल्या, "वत."

माझी आजी अशीच वाकायची. आमच्या गावच्या आडाला आमच्या माणसांनी शिवायचं नाही; वरच्या जातीच्या बायका यायच्या, मर्जी झाली तर घागरीतून लांबून, वरून ओतायच्या, आणि आजी खाली ओंजळ धरून उभी असायची. ती हे सांगताना म्हातारपणीसुद्धा हात तसे धरून दाखवायची. आज तसल्याच घरातली बाई माझ्यापुढं वाकली होती.

माझ्या हातात स्टीलचा ग्लास होता. मी नळाखाली भरला आणि ओतला. एक ओंजळ प्यायल्या. पुन्हा धरली. मी पुन्हा भरला. तीन ओंजळी. पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "गोडं हाय."

मांडवातली माणसं बघत होती. फोटोग्राफरनं फोटो काढला. मी रडले, हे त्यात आलंय.

२३ मार्च, रविवार

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं तीन वेळा विचारलं, "वतलीस कुठून? वरून?"

"नाही आई. जवळून. हाताला हात लागला."

तिनं सूप खाली ठेवलं.  मग कमलनगरला मावशीला फोन लावला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं, मी सांगितलं त्यापेक्षा चांगलं.

ते पाणी कसलं होतं, हे तिनं विचारलं नाही. मीही काढलं नाही. दुधाचे टँकर, कॅन, फरशी धुतलेलं पाणी. गाळलेलं, हवा मारलेलं, निवळलेलं. शेताला उत्तम. पिण्यासाठी नव्हे. एक दिवस प्यायल्यानं काय होतंय, असं मी स्वतःला काल संध्याकाळपासून सांगते आहे.

२८ मार्च, शुक्रवार

व. प्र.

मोठ्या साहेबांना तो फोटो फार आवडलाय. कंपनीच्या वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर घेणार. खाली ओळ, 'विश्वासाचं पाणी'.

२ एप्रिल, बुधवार

विजेच्या टिकलीवरून बैठक. गेल्या महिन्याची लाल झाली. काय बंद करता येईल याची यादी केली. कुणीतरी म्हणालं, सांडपाण्यात हवा मारणारा ब्लोअर चोवीस तास फिरतो, दुपारी चार तास थांबवला तर टिकली हिरवी होईल. बसअण्णांना बोलावलं. ते दारातच उभे राहून म्हणाले, "हवा न्हाई मिळाली तर घाण खाणारे किडे मरतेत, सर. पाणी खराब होतंय." सर म्हणाले, चारच तास, बघू या.

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण पाणी माझं. अण्णा बरोबर बोलत होते. पण माझी टिकली हिरवी होती आणि मला अहवालासाठी माहिती गोळा करायची घाई होती. मी म्हणाले, "रोज तपासून बघू."

९ एप्रिल, बुधवार

वाडीचं दूध निम्म्यावर आलं. गाडीवाला म्हणाला, म्हशी वैरणीला तोंड लावेनात, जिभा सोलल्यासारख्या झाल्यात. मी विचारलं, पाणी कुठलं पाजतात? तो माझ्याकडं नवलानं बघत म्हणाला, "आपलंच की. गोडं."

१० एप्रिल, गुरुवार

सकाळी आल्या आल्या नळाचं पाणी तपासलं. कागदाची पट्टी गडद निळी झाली. टाक्या धुवायचा सोडा जसाच्या तसा उतरलाय. वर वासही. किडे मेलेत, अण्णा म्हणाले तसे.

रजिस्टर उघडलं. तीन तारखेपासून माझ्याच अक्षरात, ओळीखाली ओळ: व. प्र., व. प्र., व. प्र. अहवालाच्या नादात एकही दिवस तपासलेलं नाही. रोज तपासू म्हणणारी मीच होते.

सरांना सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही, उभ्या उभ्या ब्लोअर चालू करायला लावला, दोन दिवस पाणी बंद ठेवायला सांगितलं, जनावरांचा डॉक्टर वाडीत पाठवला. मग रजिस्टर मागून घेतलं. पानं उलटून म्हणाले, "ठीक है. सलग दिसतंय. असंच राहू दे."

मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. विहारात माझा सत्कार. आईनं फोटो सगळ्यांना दाखवून ठेवला होता. मंडळानं तो मोठा छापून मांडवात लावला. भागाबाईंची ओंजळ, माझा ग्लास, मागं डेअरीचा बोर्ड. बोर्डावरचं 'गोडे पाणी' लांबूनसुद्धा वाचता येत होतं. एक म्हातारे गृहस्थ फोटोपुढं उभे राहून डोळे पुसत होते. मला म्हणाले, "पोरी, हे बघायला माझी माय पायजे होती."

पांढरी साडी नेसले होते. गुलाब घेतला. हात जोडले. दोन शब्द बोला म्हणाले, तर बोलले सुद्धा. काय बोलले आठवत नाही. त्या फोटोतली मी आणि रजिस्टरातली मी, दोघी एका महिन्याच्या आत झाल्या. मला आज स्वतःची किळस आली.

१७ एप्रिल, गुरुवार

बसअण्णा वाडीतच राहतात. आज जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेत आले. दार लोटून घेतलं. बसले मात्र नाहीत.

"अक्का, एक सांगायचं हाय. राग मानू नका. गावात म्हणायलेत, पाणी चांगलंच हाय. पाजणाऱ्या हाताचा इटाळ झाला. त्यानं म्हशी पडल्या."

 राग यायला हवा होता, आलाही. पण रागाच्या आत हलकं वाटल्यासारखंही झालं. त्यांनी माझ्या हाताला दोष दिला म्हणजे पाण्याला दिला नाही. माझ्या रजिस्टराला दिला नाही. असं मला वाटलं, क्षणभर का होईना, आणि ते मी इथं लिहिते आहे कारण दुसरीकडं कुठं लिहिणार.

"म्हातारी लई भांडायली," अण्णा म्हणाले. "भागाबाई. रोज सकाळी नळावर येती, समद्यांच्या म्होरं पेते. म्हणती, पोरीचं नाव खराब करू नका, मी पेते, मला काय झालंय? पण झालंय अक्का. हगवण लागलीय, आठ दिवस झाले. पोराला कळू देईना."

"अण्णा, तुम्ही सांगा ना, ते पिण्याचं नाही म्हणून."

"मी सांगितलो. मला म्हणले, मॅडमपेक्षा तुला जास्त कळतंय का? बोर्डावर लिवलंय की."

१८ एप्रिल, शुक्रवार

पाणी तपासलं. आता ठीक आहे. शेतापुरतं ठीक. रजिस्टरात पूर्ण आकडे लिहिले, एकेक.

वाडीला गेले नाही. बस होती. वेळही होता.

२१ एप्रिल, सोमवार

सरांना म्हणाले, बोर्ड बदलू या. 'पिऊ नका' असं मोठ्या अक्षरात, दोन्ही भाषांत. आणि पारावर जाऊन मी सांगते काय झालं ते.

तीस तारखेला हिरवेपणाचं प्रमाणपत्र देणारे तपासायला येणार आहेत. सर बराच वेळ बाटलीचं झाकण फिरवत बसले. मग म्हणाले, "तू समझ प्रज्ञा. चूक झाली, आपण सुधारली. गावभर सांगत सुटलो तर पुढं कुणी मालक पाणी देईल का? पहिल्यासारखं ओढ्यात सोडून मोकळे होतील. कुणी विचारतसुद्धा नव्हतं तेव्हा."

हे काही अगदीच खोटं नाही. याआधी पाच वर्षं ते पाणी ओढ्यात जातच होतं आणि मी तिथंच कामाला होते. तेव्हा मला कसला त्रास झाला होता?

शेवटी सर म्हणाले, शब्द बदलू. 'प्रक्रियायुक्त जल' लिही. ते खरंही आहे.

"आणि कुणाला कळणारही नाही," मी म्हणाले.

सर खिडकीकडं बघायला लागले. मी टेबलावरचा कागद उचलला आणि पेंटरला फोन केला. मीच केला.

२४ एप्रिल, गुरुवार

नवा बोर्ड लागला. अण्णा सांगत होते, माधवरावांनी मोठ्यानं वाचला आणि विचारलं, जल म्हणजे गंगाजल असतंय तसलं का? मग पहिल्यापेक्षा चांगलंच आलं म्हणायचं.

मी हसले. मग प्रयोगशाळेच्या मागं जाऊन उभी राहिले.

२६ एप्रिल, शनिवार

सकाळी अण्णांचा फोन. भागाबाई उठेनात, डोळे आत गेलेत. माधवराव लग्नाला गेले होते, घरात सून एकटी. जीप केली, वाडीला गेले, त्यांना बीदरला दवाखान्यात आणलं. वाटेत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वजन असं राहिलंच नाही. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी गेलंय, वयाच्या मानानं फार गेलंय, दोन दिवस काही सांगता येत नाही. सलाईन लावली.

डॉक्टरांनी सुनेला विचारलं, पाणी कुठलं पितात? ती म्हणाली, कंपनीचं, गोडं. डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं. मी शेजारी उभी होते. गळ्यात डेअरीचं ओळखपत्र, त्यावर हिरवा बिल्ला. काढून पर्समध्ये टाकला. धैर्य म्हणून नाही, कुणी बघू नये म्हणून.

२७ एप्रिल, रविवार

दुपारी दवाखान्यात गेले. भागाबाई शुद्धीवर, आवाज बारीक. मला बघून हसल्या. सून कमळा डबा घेऊन आली होती. डब्याबरोबर पाण्याची मोठी बाटली. मी विचारलं, कुठून भरली? म्हणाली, "घरूनच आणली. यांना दुसरं पाणी ग्वाड लागत न्हाई." ती औषधाची चिठ्ठी घेऊन खाली गेली.

भागाबाईंनी उठायचा प्रयत्न केला. मी पाठीला उशी दिली. सलाईनचा हात तसाच उचलून दुसऱ्या हाताला लावला. नळी ताणली गेली. ओंजळ धरली.

"तू वत," म्हणाल्या. "शेजारची बाई बघायली. बघू दे."

शेजारच्या खाटेवरची बाई खरंच बघत होती. बाटली माझ्या हातात होती. झाकण मी उघडलं होतं, हे लिहायला हवं. झाकण उघडलं होतं.

मग बंद केलं. म्हणाले, "आज्जी, हे पाणी पिऊ नका."

"कामून?"

सांगितलं. खाटेच्या कडेला बसून सगळं सांगितलं. पाणी कुठून येतं, टाक्या कशानं धुतात, ब्लोअर, माझं न तपासणं, बोर्डावरचा शब्द कुणाचा. इटाळ नाही, माझ्या हातानं काही झालं नाही, माझ्या कामानं झालं. म्हशींचंही आणि तुमचंही. गोडं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. मी परक्या देशातून आले नाही.

त्या ऐकत होत्या. ओंजळ तशीच होती, मग हळूहळू सुटली. मला वाटलं, शिव्या देतील. हाक मारून सुनेला बोलावतील. मी तयार होते.

म्हणाल्या, "मग त्या दिशी वतलीस कामून?"

मी बाटलीचं झाकण पुन्हा आवळलं.

"मी म्हातारी. मला काय कळतंय. तुला कळत हुतं. एकदा न्हाई, तीनदा वतलीस."

त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. कमळा आली तेव्हा मी बाटली मोरीत रिकामी करत होते. तिला बाहेरून विकतची आणून दिली, आणि का ते सांगितलं. तिनं फक्त मान हलवली. निघताना भागाबाई न वळताच म्हणाल्या, "मंगळवारी पारावर समदे असतेत. माझ्या नावानं सांगू नको. तू उभी ऱ्हाऊन सांग. हात दाखवून सांग, ह्या हातानं वतले म्हणून."

मंगळवार म्हणजे एकोणतीस. बुधवारी तपासणीवाले येणार.

घरी आले तर आई दारातच. "म्हातारी कशी आहे गं? तुझ्या हातचं पाणी पिली का आज?"

"नाही आई."

तिचा चेहरा पडला. तिला वाटलं, त्या बाईचं मन पालटलं. मी तिला अजून सांगितलेलं नाही. मंगळवारच्या आधी सांगावं लागेल. वाडीपेक्षा तेच अवघड आहे.

आज्जींच्या 'वतलीस कामून'चं उत्तर मला बसमध्ये सुचलं. तुम्ही ओंजळ धरली होती म्हणून ओतलं, आज्जी. नाही म्हणाले असते तर तुम्ही हात मागं घेतला असता आणि मला तो मागं जाताना बघायचा नव्हता.

पारावर हे सांगता येईल का, माहीत नाही. खरं तर हेच आहे. पण लिहून बघितलं तर सबबीसारखं दिसतंय.